अनुभवाचा रकाना

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय खिळ्या,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून पत्र. पत्राची एक सोय असते, ते मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण लहानपणी औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय तू औषध घेत नव्हतास. तेव्हा तू हे वाचणार, मला माहीत आहे.

बातमी अशी की मी नोकरीसाठी मुलाखती देतेय. हसून घे. झालं? आता पुढे वाच.

ही कंपनी कुलपं, बिजागऱ्या आणि दार आपोआप लावून घेणारे ते डोअर क्लोजर विकते. आपल्यासारखं दुकान मांडून नाही, थेट ऑफिसांना, हॉस्पिटलांना, हॉटेलांना. जागा सगळ्यात खालची, कनिष्ठ विक्री प्रतिनिधी. जाहिरातीत लिहिलं होतं, 'अनुभव नसला तरी चालेल.' वाचून बरं वाटलं. माझ्याबद्दलचं तुझ्या काकांचं मत आणि कंपनीची अट अशी जुळणारी जागा शोधून सापडायची नाही.

तू दोन वर्षांपूर्वी अशाच एका मुलाखतीला गेला होतास आणि पहिल्याच फेरीतून घरी आलास. 'तिथली पोरं फार फाडफाड बोलतात' म्हणालास, आणि काका म्हणाले, 'दुकान आहे की.' पुढच्या फेऱ्यांत काय असतं ते तुला कधी कळलंच नाही. मी कळवत जाईन. आईने मुलाला पुढचं शिकवावं हीच रीत आहे, उशीर झाला इतकंच.

तर पहिली फेरी फोनवर. एचआरची एक मुलगी बोलते. आवाज इतका गोड की मी आधी समजले, कोणीतरी मला काही विकायला फोन केलाय. या फेरीत ती फक्त एवढंच चाचपते की माणूस धड बोलतो का आणि आपण कुठे अर्ज केलाय ते त्याला आठवतंय का. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की जन्मापासून सुरू करायचं नाही. मी केलं. माझ्या आजोळापर्यंत पोचले तेव्हा तिने थांबवलं.

मग विचारलं, 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?'

मी म्हटलं, 'पन्नाशीत.'

ती हसली. तिथे माझं काम झालं. नंतर 'सेल्सच का?' असं आलं. मी खरं सांगितलं, की मला हेच येतं. 'नकार पचवता येतो का?' यावर मी नुसतं 'येतो' म्हटलं. पुढचं वाक्य तोंडात आलं होतं, पण ते घरचं होतं.

गुरुवारी ऑफिसात बोलावलंय. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहते त्या सिस्टर, म्हणजे निवृत्त नर्स, त्यांनी स्वतःची चामड्याची पर्स मला दिली. म्हणाल्या, 'पिशवी घेऊन गेलीस तर भाजी आणायला आलीस असं वाटेल.'

काकांना हे सांगायचं तर सांग. मी निघाले तेव्हा ते म्हणाले होते, 'तीन महिन्यांत परत याल, वहिनी.' मीही तोऱ्यात बोलून बसले, की तोवर नोकरी लागली नाही तर येईन आणि गल्ल्यावर तोंड मिटून बसेन. पाच मार्चला तीन महिने होतात. मी शब्दाची पक्की आहे, तेवढीच पंचाईत आहे.

आणि हो, तू सिस्टरांना फोनवर म्हणालास म्हणे, की आई 'कार्डांच्या क्षुल्लक कारणावरून' गेली. नवी कार्डं छापून आली. त्यावर काकांचं नाव, खाली तुझं, भागीदार म्हणून. मी विचारलं, माझं? काका म्हणाले, 'वहिनी घरच्याच. घरच्यांना कार्ड कशाला?' ते काहीही बोलोत. हसलास तू. त्यानंतर कार्डांचा डबा पाण्याच्या बादलीत पडला, त्याचा उगाच बाऊ झाला.

तुझी आई


११ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय खिळ्या,

उत्तर नाही. ठीक आहे. दुसरी फेरी ऐक.

बाहेरच्या खोलीत अकरा जण बसले होते, सगळे तुझ्या वयाचे. मुलांना टाय, मुलींना नवे बूट. मी आत गेले तशी सगळी ताडकन उठून उभी राहिली, 'गुड मॉर्निंग मॅडम.' त्यांना वाटलं, मुलाखत घेणारी बाईच आली. मी म्हटलं, 'बसा बसा.' आणि बसले मधल्या खुर्चीत. पाच मिनिटं मी कोणालाही खरं सांगितलं नाही. एवढी वर्षं मला बघून कोणी उठलं नव्हतं रे, जरा मजा घेतली.

मग त्यांची तयारी ऐकली. 'तुमची कमजोरी काय?' याला सगळ्यांनी एकच उत्तर पाठ केलं होतं, की मी फारच मेहनत करतो. अकरा जणांची मिळून एक कमजोरी. एक मुलगा घामाघूम झाला होता. त्याला मी टाय सैल करायला सांगितलं आणि त्याला बघताना मला तू आठवलास. त्याबद्दल पुढे कधीतरी.

आत मॅनेजर. पन्नाशीचा, वाळका, समोर गार झालेला चहा, चेहऱ्यावर माशी हलत नाही. शेजारी ती गोड आवाजाची मुलगी वही घेऊन. थोडं इकडचं तिकडचं विचारून तो म्हणाला, 'आता नाटक करू. मी हॉस्पिटलचा खरेदी अधिकारी. तुम्ही मला डोअर क्लोजर विका.'

या फेरीला सगळे घाबरतात. मी नाही घाबरले. समोरचा गिऱ्हाईक झाला म्हटल्यावर मला हायसंच वाटलं. मी विचारलं, दार कुठलं? रुग्णाच्या खोलीचं की ऑपरेशनच्या बाजूचं? स्ट्रेचर जातं का तिथून? दार आत उघडतं की बाहेर? रात्री आपटतं का? बिजागऱ्या किती, दोन की तीन? तो उत्तरं देता देता अडखळायला लागला, कारण त्याने एवढं ठरवलंच नव्हतं. शेवटी मी म्हटलं, 'साहेब, दोन बिजागऱ्यांवर एवढं जड दार असेल तर आधी तिसरी लावा. नाहीतर आमचा क्लोजर लावाल आणि शिव्या आम्हाला द्याल.' मुलगी भराभर लिहीत होती. मी मनात म्हटलं, जिंकलं.

मग तो म्हणाला, 'बरं. मी विचार करून सांगतो.'

आणि खिळ्या, माझ्या तोंडून काय निघालं असेल?

'सावकाश विचार करा. केव्हाही या, आम्ही नऊ ते नऊ उघडे असतो.'

ती मुलगी वहीत तोंड खुपसून हसली. मॅनेजर हसला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, 'बाई, इथे गिऱ्हाईक येत नाही. आपल्याला जायचं असतं. "विचार करतो" म्हणणारा माणूस सोडला की गेला. कसला विचार, ते विचारायचं. पुन्हा केव्हा भेटू, तारीख घ्यायची.'

कळलं ना? गल्ल्यामागे बसणाऱ्याची खोड. आपल्याकडे माणूस जातो, चार दुकानं फिरतो आणि संध्याकाळी परत येतो. त्याच्या मागे धावलं तर भाव उतरतो, हे मीच तुला शिकवलं होतं. इथे तीच शिकवण आडवी आली. बाकी सगळं बरोबर केलं आणि शेवटी दार उघडून गिऱ्हाईक बाहेर सोडलं.

'धन्यवाद, कळवू,' तो म्हणाला. मी उठले. दारापर्यंत गेले. आणि मला राग आला, त्याचा नाही, स्वतःचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला? वळले आणि म्हटलं, 'तुम्हीही मला "विचार करतो" असंच म्हणालात. कसला विचार? माझ्याबद्दल शंका काय आहे, आत्ताच सांगा.'

आता त्याची माशी हलली. म्हणाला, 'वय. कॉम्प्युटर. आणि दिवसभर पायपीट.'

मी म्हटलं, 'वयाचं काही करता येणार नाही, तुमचंही वाढतंय. कॉम्प्युटर मी सिस्टरांच्या भाचीकडे रोज तासभर शिकतेय. पायपिटीचं मी सांगून तुम्हाला पटणार नाही, एक दिवस चालवून बघा. केव्हा येऊ?'

त्याने मुलीकडे पाहिलं. तिने तारीख दिली. सतरा.

तू पुढे गेला असतास तर तुलाही दुसऱ्या फेरीत हेच विचारलं असतं. अवघड नाही. तुला दारं माझ्याइतकीच कळतात.

आई


१९ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय खिळ्या,

पायपीट झाली. कंपनीत विक्री करणाऱ्या एका मुलीबरोबर दिवसभर फिरायचं, ती काम करते ते बघायचं, आणि संध्याकाळी तिने मॅनेजरला सांगायचं की हा माणूस टिकेल का. तिच्या खांद्याला नमुन्यांची बॅग असते, आत चार कुलपं आणि आतली स्प्रिंग दिसावी म्हणून कापलेला एक क्लोजर. म्हणून मी तिला बॅगवाली म्हणते. तीही तुझ्याएवढीच. सकाळी मला 'काकू' म्हणाली, संध्याकाळपर्यंत 'मॅडम' वर आली.

सात ऑफिसं केली. पहिल्या तिन्हीत साहेब मीटिंगमध्ये. चौथ्या ठिकाणी वॉचमनने आम्हाला गेटवरूनच हात हलवून घालवलं, माश्या हाकलतात तसं. बॅगवाली शांतपणे फोनमध्ये लिहिते, 'पुन्हा, सोमवार, दहा.' मी विचारलं, तुला काही वाटत नाही? ती म्हणाली, 'पहिले दोन महिने रोज जिन्यात रडायचे. आता जिना दिसला की बसून डबा खाते.' पाचव्या ठिकाणी एका गृहस्थाने आम्हाला उभंच ठेवलं आणि माझ्याकडे बघून तिला म्हणाला, 'आता आयांना पण घेऊन फिरता का?' मी तुला खोटं सांगणार नाही. मीही जिन्यात बसले. पाय सुजून चपलेबाहेर आले होते, आणि वाटलं, जाऊ दे, गल्ला बरा, निदान बसायला तरी मिळतं.

सहाव्या ऑफिसात रिसेप्शनच्या मागचं दार दर वेळी धाडकन आपटत होतं आणि तिथली मुलगी दर वेळी दचकत होती. साहेब मीटिंगमध्येच. मी तिला म्हटलं, 'किती दिवस दचकतेयस?' ती म्हणाली, 'सहा महिने. कोणी ऐकत नाही.' मी दार हाताने लावून पाहिलं, चौकट बघितली, आणि तिला एका कागदावर दोन ओळी लिहून दिल्या, कुठला क्लोजर लागेल आणि का. तिने तो कागद घेतला, उठली, आणि मीटिंगमध्ये गेली! साहेब बाहेर आले. ऑर्डर मिळाली नाही, पण मंगळवारची वेळ मिळाली, आणि ती मी मागून घेतली. बॅगवाली जिना उतरताना म्हणाली, 'तुम्ही आधी कुठल्या कंपनीत होतात?'

म्हणजे मी जवळजवळ आत आहे. आता मुद्द्याचं.

त्यांच्या फॉर्ममध्ये अनुभवाचा एक रकाना आहे. अनुभव नसला तरी चालेल असं लिहिलं होतं, तो कोरा ठेवला असता तरी चाललं असतं. मी कोरा ठेवला नाही. एकोणीस वर्षं, असं लिहिलं. हार्डवेअरचं दुकान, गिऱ्हाईक, खरेदी, माल मांडणं, सगळं. आता लिहिलंय म्हटल्यावर ते तपासणार. दुकानात फोन करून विचारणार, ही बाई इथे काम करत होती का. आणि लिहिलेलं खोटं निघालं तर नोकरी नाही, हा त्यांचा नियम. सिस्टर म्हणाल्या, 'कशाला हात दाखवून अवलक्षण? कोरा ठेवायचास.' मला ठेवता आला नाही. नोकरी दुसरी मिळेल, पण तो रकाना मी स्वतःच्या हाताने कोरा ठेवला असता तर काका बरोबर ठरले असते.

फोन येत्या मंगळवारी, अकरा ते बारामध्ये येईल. ती वेळ मीच सांगितली, कारण तेव्हा काका गोदामात असतात आणि दुकानात तू एकटा असतोस. खोटं बोल असं मी सांगत नाही. तू चार वर्षांचा होतास, तुझे बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा मी गल्ल्यावर बसले. तू माझ्या पायाशी बसून खिळे मोजायचास, म्हणून तुझं नाव खिळ्या पडलं. तुझ्याइतका साक्षीदार दुसरा कोण आहे?

जे पाहिलंस तेवढंच सांग.

आई


२५ फेब्रुवारी, बुधवार

खिळ्या,

आज त्या एचआरच्या मुलीचा फोन आला. आवाज गोड नव्हता, बिचारीला अवघड झालं होतं. तिने मला फॉर्मवर लिहिलेलं वाचून दाखवलं. 'संबंधित व्यक्ती इथे कामाला नव्हती. घरच्या आहेत, अधूनमधून बसायच्या.' कोण बोललं विचारलं, तर म्हणाली, तरुण मुलगा होता.

अधूनमधून.

तुला ताप असला की माल ठेवायच्या फळीवर तुला झोपवून मी अधूनमधून बसायचे. काकांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा अडीच महिने मी एकटीने अधूनमधून दुकान उघडलं आणि बंद केलं. प्रत्येक खणावर आतल्या वस्तूचा एकेक नमुना तारेने बांधलेला आहे ना, ज्याच्याकडे बघून तू माल काढतोस, ते मी अधूनमधून बांधले.

काका असं बोलले असते तर मी हसले असते. त्यांच्याकडून माझी अपेक्षा कधीच संपली. तू?

आता मीही खरं बोलते, म्हणजे फिटंफाट होईल. कार्डांचा डबा बादलीत पडला नाही. मी टाकला. टाकला आणि वरून हाताने दाबून धरला, कार्डं तरंगायला लागली होती म्हणून. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

आणि दुसरं. तू मुलाखतीतून परत आलास त्या दिवशी काका 'दुकान आहे की' म्हणाले तेव्हा मी मूग गिळून बसले होते. मला वाटलं होतं, बरं झालं. पोर लांब जाणार नाही, जवळ राहील. तुला परत पाठवायला हवं होतं, 'घाबरलास, पुन्हा जा' म्हणायला हवं होतं. मी तुला जेवायला वाढलं. हे माझ्याकडून चुकलं आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. तू आज काकांच्या तोंडाने बोलतोस, त्यात माझाही हात आहे.

पण म्हणून मी परत येईन असं समजू नकोस. अजून आठ दिवस आहेत.

आई


२६ फेब्रुवारी, गुरुवार

खिळ्या,

तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण झालेलं कोणाला तरी सांगायला हवं, आणि सिस्टरांना दोनदा सांगून झालं.

सकाळी न विचारता त्या ऑफिसात गेले. वेळ घेतली नव्हती. रिसेप्शनवर बसले आणि म्हटलं, मॅनेजर मीटिंगमध्ये असतील तर मी थांबते, मला आता सवय आहे. वीस मिनिटांनी त्याने आत बोलावलं.

म्हणाला, 'तुम्ही मला आवडला होतात. पण दुकान नाही म्हणतंय. तुमच्याकडे एखादं पत्र, पगाराची चिठ्ठी, काही कागद?'

मी म्हटलं, 'कागद नाही. माणसं आहेत.'

त्याच्या टेबलावरचा फोन ओढला आणि स्पीकर लावला. त्याने अडवलं नाही, बहुधा त्याला सुचलं नाही. दुकानातल्या त्या जुन्या काळ्या फोनला नंबर साठवायची सोय नव्हती, त्यामुळे साठ-सत्तर गिऱ्हाइकांचे नंबर माझ्या डोक्यातच आहेत. पहिला फिरवला तर कोणीतरी खेकसलं, राँग नंबर. मॅनेजरने घड्याळ बघितलं. मी दुसरा फिरवला, आपल्या बुटक्या सुताराचा.

तिकडून करवतीचा आवाज. मी फक्त म्हटलं, 'सुतारदादा, आवाज ओळखला का?'

'बाई!' असा ओरडला की स्पीकर फाटला. 'अहो बाई, कुठे गायब झालात? तुमच्या दुकानात आता काही राम राहिला नाही. परवा जड दाराची बिजागरी मागितली तर तुमच्या दिरांनी कपाटाची दिली. मी म्हटलं, बाई कुठेत, तर म्हणतात, घरी. मी म्हटलं, मग मीपण घरी जातो.'

मॅनेजरने तोंडावर हात ठेवला. पण माणूस मुरलेला. हळूच म्हणाला, 'सुतार आमच्याकडून काय घेणार?'

मी म्हटलं, 'सुतार घेत नाही. पण ऑफिसवाला दारापुढे उभा राहून विचारतो कोणाला, कुठलं लावू? सुतारालाच ना?' मग मी दादांनाच विचारलं, 'सध्या काम कुठे चालू आहे?' ते म्हणाले, हॉटेलचं, चार मजले, दारं अजून बसायची आहेत. मॅनेजर खुर्चीत पुढे सरकला. त्याने स्वतः पेन उचलून मजले लिहून घेतले.

तिसरा फोन हॉस्पिटलची देखभाल बघणाऱ्या माणसाला लावला. तो कमी बोलतो, तुला माहीत आहे. म्हणाला, 'त्या होत्या तेव्हा चुकीचा माल कधी आला नाही.' बस, एवढंच.

मॅनेजरने फोन जागेवर ठेवला. विचारलं, 'मग दुकानाने नाही का म्हटलं?'

मी म्हटलं, 'हो म्हटलं तर मग आपण कोण, असा प्रश्न त्यांना पडतो.'

त्याने फॉर्म समोर ओढला आणि अनुभवाच्या रकान्याखाली स्वतःची सही केली. 'सोमवारी नऊला या,' म्हणाला. 'आणि इथे आम्ही सहाला बंद करतो.'

जिन्यात आले आणि बसले. रडले. आनंदाने म्हणतात तसं, पण पूर्ण खरं नाही ते. सुताराने सांगितलं, हॉस्पिटलच्या माणसाने सांगितलं. ज्याने सांगायला हवं होतं त्याच्याशिवाय मला नोकरी लागली, आणि ते मला आवडलं नाही.

काकांना निरोप दे, वहिनी पाच तारखेला येत नाहीत.

आई


२ मार्च, सोमवार

प्रिय खिळ्या,

आज पहिला दिवस. एचआरच्या मुलीने सह्यांसाठी माझी फाइल पुढे ठेवली आणि स्वतः पाणी आणायला गेली. मुद्दाम गेली, कारण पाण्याची बाटली तिच्या टेबलावरच होती. फाइलमध्ये माझ्या फॉर्मला एक दुसरा कागद टाचलेला होता. तारीख शुक्रवार, २७ फेब्रुवारी.

ती परत आल्यावर मी विचारलं. म्हणाली, 'त्या दुकानातून फोन आला होता, त्याच मुलाचा. मंगळवारी चुकीचं सांगितलं, काका शेजारी उभे होते, पुन्हा लिहून घ्या म्हणाला. मी सांगितलं, आता गरज नाही, त्यांना घेतलंय. तर म्हणाला, तरीही लिहून घ्या. मग मी सगळा फॉर्म पहिल्यापासून विचारला. तुम्हाला सांगू नका म्हणाला होता. मी सांगितलेलं नाही, तुम्हीच वाचलंत.'

आधी एक नीट समजून घे. तुझ्या फोनमुळे मला नोकरी मिळालेली नाही. ती गुरुवारीच मिळाली होती, माझ्या माझ्या हिमतीवर. उपकार म्हणून काही डोक्यात ठेवू नकोस. आणि मंगळवारचं मी विसरलेली नाही. भेटशील तेव्हा तुला ते ऐकून घ्यावं लागेल, पूर्ण, मध्ये न बोलता.

पण तो कागद मी तीनदा वाचला. तिचं अक्षर, तुझी उत्तरं.

किती काळ काम केलं? 'एकोणीस वर्षं चार महिने.' चार महिने मीही मोजले नव्हते.

हाताखाली किती माणसं होती? 'दोन. काका आणि मी.'

इथे मी हसले आणि आजूबाजूची टाय लावलेली पोरं बघायला लागली. काका माझ्या हाताखाली कधीच नव्हते रे, डोक्यावर होते. पण तू हे दुकानातल्या फोनवरून बोललास, आणि वेळ लिहिली आहे दुपारी साडेचार. साडेचारला काका दुकानात असतात. म्हणजे त्यांच्यासमोर बोललास.

शेवटचा प्रश्न सगळ्यांना विचारतात, तो असा असतो. संधी मिळाल्यास या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का?

तू म्हणालास, 'आम्ही घेऊ. ती येणार नाही.'

बरोबर सांगितलंस. मी येणार नाही.

तू ये. रविवारी, दहा वाजता, सिस्टरांच्या घरी. पत्ता पाकिटामागे आहे.

तुझी आई